दातातलं औषध जंतू मारतं, मग पेशींचं काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मुलगा नऊ वर्षांचा. वर्षभरापूर्वी खेळताना पडला आणि वरच्या समोरच्या दाताला मार बसला. दात हलत नव्हता, दोन दिवसांत दुखायचंही थांबलं, म्हणून विषय तिथेच संपला. गेल्या महिन्यात त्याच दाताच्या वर हिरडीवर पुळी आली आणि तिच्यातून पू येऊ लागला. एक्स-रेमध्ये कळलं की दाताची नस मेली आहे आणि मुळाची वाढ अर्धवट राहिली आहे. डॉक्टरांनी ‘रिजनरेटिव्ह’ उपचार सुचवला: मुळातली नळी धुवायची, तिच्यात अँटिबायोटिकची पेस्ट भरायची, काही आठवड्यांनी ती काढून आत रक्त येऊ द्यायचं, म्हणजे मूळ पुन्हा वाढायची शक्यता निर्माण होते. पेस्ट भरून झाली आहे, पुढची भेट दोन आठवड्यांवर आहे. मधल्या काळात जीवशास्त्र शिकलेल्या नणंदेने एक शोधनिबंध पाठवला. ही पेस्ट स्टेम सेल, म्हणजे नवी ऊती घडवू शकणाऱ्या पेशी, मारते, असं त्यात लिहिलं आहे. आई विचारते, “ज्या पेशींच्या भरवशावर हा सगळा उपचार, त्याच पेशी मारणारं औषध आत्ता माझ्या मुलाच्या दातात आहे. उद्याच काढून घ्यायला सांगू का? नणंद म्हणते, कॅल्शियमचं औषध घालायला सांग, ते नैसर्गिक असतं. नवरा म्हणतो, डॉक्टरांना शिकवायला जाऊ नकोस. आणि माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही: मी तेव्हाच नीट दाखवलं असतं तर?”

उत्तर:

पेस्ट उद्याच्या उद्या काढून घ्यायची गरज नाही. डॉक्टरांना फोन मात्र उद्याच करा, आणि पेस्ट कशाची आहे आणि किती तीव्रतेची आहे, एवढं विचारा. नणंदेने पाठवलेलं खोटं नाही. अशा पेस्टमुळे पेशी मरतात हे प्रयोगशाळेत खरोखर दिसलेलं आहे. पण त्या एका वाक्यापासून तुमच्या मुलाच्या दातापर्यंत पोचायच्या वाटेत बऱ्याच गोष्टी आहेत. तुमचा निर्णय त्यांच्यावरच ठरायला हवा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुळात हा उपचार का सुचवला गेला, ते आधी पाहू. समोरचे कायमचे दात साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात येतात. दात हिरडीबाहेर आला तरी त्याचं मूळ तेव्हा पूर्ण झालेलं नसतं, त्याला पुढची जवळजवळ तीन वर्षं लागतात. या काळात नस मेली की मूळ आहे तिथे थांबतं. भिंती पातळ राहतात आणि टोक नरसाळ्यासारखं उघडं राहतं. मोठ्या माणसाच्या दातात करतात तसं रूट कॅनाल इथे जमत नाही, कारण भरलेलं साहित्य टोकाशी अडायला जागाच नसते.

अशा दातांवर आधीपासून चालत आलेला उपाय म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तेच, जे तुमची नणंद म्हणते आहे. नळीत ते महिनोन्महिने ठेवायचं, अधूनमधून बदलायचं आणि मुळाच्या टोकाशी कठीण पडदा तयार व्हायची वाट पाहायची. पडदा तयार होतो, पूही थांबतो. पण भिंती होत्या तेवढ्याच पातळ राहतात. च्वेक या दंततज्ज्ञाने असे दात वर्षानुवर्षं पाहून 1992 साली निष्कर्ष मांडले. उपचाराच्या वेळी मूळ जितकं कच्चं, तितके ते दात पुढे मानेपाशी, म्हणजे हिरडीजवळ, मोडण्याचं प्रमाण जास्त होतं. 2002 मध्ये आंद्रेआसन आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या कच्च्या दातांत हे औषध भरून ठेवलं, तेव्हा वर्षभरात दातांची ताकद जवळपास निम्म्यावर आली. म्हणजे जे औषध ‘साधं’ म्हणून सुचवलं जातंय, ते चुकीच्या मुदतीसाठी ठेवलं तर दात ठिसूळ करतं. आज अनेक डॉक्टर पडद्याची वाट न पाहता टोकाशी एमटीए नावाच्या सिमेंटचा बूच बसवतात. एकदोन भेटींत काम होतं आणि तो चांगला उपाय आहे. पण त्यानेही मूळ लांब किंवा जाड होत नाही.

म्हणून ही नवी वाट निघाली. नळीत रक्त आणून त्यातून नवी ऊती वाढवता येईल का, हे 1961 मध्ये नायगार्ड-ओस्टबी यांनी तपासून पाहिलं होतं. पू झालेल्या कच्च्या दाताचं मूळ उपचारानंतर पुढे वाढलेलं 2001 मध्ये इवाया आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. 2004 मध्ये बँक्स आणि ट्रोप यांनी तशीच केस पद्धतीसह मांडली आणि त्यानंतर हा उपचार जगभर होऊ लागला. जंतू मारायला त्यांनी तीन अँटिबायोटिकांची पेस्ट वापरली: मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मिनोसायक्लिन. हे मिश्रण होशिनो आणि सातो यांच्या जपानमधल्या गटाने 1996 मध्ये दातातल्या जंतूंवर तपासलं होतं. तुमच्या मुलाच्या दातात बहुधा तेच किंवा त्याचा बदललेला प्रकार आहे.

आता तुमच्या काळजीच्या मुळाशी असलेली गृहीतकं एकेक करून पाहू.

तुम्ही लिहिलंय की औषध आत्ता, या क्षणी, पेशी मारतंय. पण ज्या पेशींवर हा उपचार अवलंबून आहे त्या नळीत नाहीतच. त्या मुळाच्या उघड्या टोकाबाहेर मऊ ऊतीच्या एका छोट्या गोळ्यात असतात. नस मेली, पू झाला, तरी ही ऊती बऱ्याचदा तगून राहते, कारण तिला रक्तपुरवठा आजूबाजूच्या भागातून मिळतो. पुढच्या भेटीत डॉक्टर मुद्दाम टोकापलीकडे हलकेच टोचून रक्त नळीत आणतील, तेव्हा त्या पेशी रक्ताबरोबर आत येतील. असं आणलेलं रक्त 2011 मध्ये तपासलं गेलं, तेव्हा शरीरातल्या इतर रक्ताच्या तुलनेत स्टेम सेलच्या खुणा त्यात कितीतरी पटींनी जास्त आढळल्या. म्हणजे पेशी बाहेर आहेत आणि औषध आत. ते टोकापलीकडे ढकललं गेलं नसेल, तर आत्ता थेट गाठ थोडीच पडते.

याचा अर्थ धोका नाही असा मुळीच नाही. खरा प्रश्न नंतर उभा राहतो. पेशी आत येतात आणि नळीच्या भिंतीला चिकटू पाहतात, तेव्हा ती भिंत कशात भिजलेली आहे? तणनाशक फवारलेल्या वाफ्यात लगेच बी पेरायचं झालं तर मातीत किती औषध उरलंय हे आधी पाहावं लागतं, तसंच हे. नळीच्या भिंती ज्या डेंटिनच्या बनलेल्या असतात, ते सच्छिद्र असतं, त्यात बारीक नलिका असतात. तिहेरी अँटिबायोटिकची दाट पेस्ट या नलिकांत खोल मुरते आणि कितीही धुतलं तरी तिचा मोठा भाग आत राहतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइड मात्र बरंचसं धुऊन निघतं. दोन्ही औषधं तुलनेने तपासून हा फरक दाखवला गेला आहे. माझ्या मते दोन औषधांतली निवड करताना सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे.

दुसरं गृहीतक असं, की औषध एकतर सुरक्षित असतं नाहीतर घातक. त्या शोधनिबंधातला सगळा जीव तीव्रतेत आहे. 2012 मध्ये अशा औषधांचा या पेशींवर थेट काय परिणाम होतो ते तपासलं गेलं. तीव्र प्रमाणात अँटिबायोटिकांनी पेशी मारल्या, अगदी विरळ प्रमाणात त्या तगल्या आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये तर त्यांची वाढ चांगली झाली. 2014 मधला प्रयोग दाताच्या परिस्थितीच्या आणखी जवळ जाणारा होता. औषध डेंटिनच्या तुकड्यांवर ठेवून, धुऊन, मग त्यावर पेशी सोडल्या. मिलिलिटरला 1000 मिलिग्रॅम इतक्या दाट पेस्टने भिजलेल्या डेंटिनवर जिवंत पेशी उरल्याच नाहीत. 1 मिलिग्रॅमच्या विरळ औषधाने भिजलेल्या डेंटिनवर त्या टिकल्या. हजारपट फरक आहे हा! ‘पेस्ट पेशी मारते’ या वाक्यात तो कुठेच दिसत नाही.

प्रत्यक्ष दवाखान्यात हा फरक कसा दिसतो, ते पालकांना सहसा कुणी सांगत नाही. पूर्वी, आणि काही ठिकाणी अजूनही, गोळ्यांचं वरचं आवरण खरवडून त्या कुटायच्या, तिन्ही पुडी सारख्या प्रमाणात घ्यायच्या आणि काचेच्या तुकड्यावर दोनचार थेंब पाण्यात घोटून घट्ट पेस्ट करायची, अशी रीत आहे. जी चमच्याच्या टोकावर उभी राहते, ती पेस्ट शेकडो मिलिग्रॅमच्या घरातली असते, हजारापर्यंतही जाते. 1 ते 5 मिलिग्रॅमचं मिश्रण पाण्यात केलं तर पेस्ट होतच नाही, ते गढूळ पाण्यासारखं वाहतं. म्हणून ते सिरिंजने सोडतात किंवा मिथाइलसेल्युलोजसारख्या जेलमध्ये मिसळून थोडा घट्टपणा आणतात. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना “किती मिलिग्रॅम?” असं विचारायला संकोच वाटत असेल, तर “औषध घट्ट पेस्ट होतं की पातळ, सिरिंजने सोडलेलं?” असं विचारा. यातूनही अंदाज येतो.

जाणत्या संस्थांच्या सूचनाही याच दिशेने सरकल्या आहेत. अँटिबायोटिक वापरायचंच असेल तर मिलिलिटरला 1 ते 5 मिलिग्रॅमच्या आत ठेवा, नाहीतर कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरा, असं अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडॉन्टिस्ट्स या रूट कॅनाल तज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनात आहे. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडोंटोलॉजीने 2016 मध्ये भूमिका मांडताना कॅल्शियम हायड्रॉक्साइडच पसंत केलं. पेशींवरचा परिणाम, दाताचा रंग बदलणं, ॲलर्जीची शक्यता आणि औषध धुऊन काढण्यातली अडचण, ही सगळी कारणं त्यामागे आहेत. म्हणजे नणंद जे औषध सुचवते आहे ते निवडायला भक्कम आधार आहे. फक्त तिने दिलेलं कारण बरोबर नाही.

ते ‘नैसर्गिक’ आहे म्हणून सौम्य, असं समजू नका. कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे विरलेला चुनाच. त्याचा सामू (pH) 12.5 च्या आसपास असतो आणि जंतू मरतात ते त्या तीव्र अल्कलीमुळेच. थेट स्पर्श झालेल्या ऊतीचा पातळ थर तेही जाळतं. सुदैवाने डेंटिन त्याची धार बोथट करतं, ते आजूबाजूला फार पसरत नाही आणि काही आठवड्यांत धुऊन काढता येतं. म्हणून दोन ते चार आठवड्यांसाठी ते चांगलं आहे. त्याची मर्यादाही सांगते: काही चिवट जंतू, विशेषतः एंटेरोकोकस फिकॅलिस, त्यात टिकून राहू शकतात. एकदा भरूनही पू थांबला नाही तर डॉक्टरांनी अँटिबायोटिककडे वळणं अगदी रास्त आहे.

यातूनच माझा तुमच्याशी खरा मतभेद सुरू होतो. या सगळ्या विचारात एक घटक तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि तो म्हणजे जंतू. तुमच्या मनात आत्ता दोनच बाजू आहेत, औषध आणि पेशी. पण त्या नळीत वर्षभर, कुणाला न कळता, जंतू राहत होते. पेशींसाठी सगळ्यात विषारी गोष्ट तेच जंतू आणि त्यांनी मागे सोडलेला मळ. 2017 मध्ये फेरेट या प्राण्यांच्या दातांवर हे नीट तपासलं गेलं. उपचारानंतर ज्या दातांत जंतू उरले होते, त्यांची मुळं कमी वाढली. कच्च्या दातात आणखी एक अडचण असते. एरवी रूट कॅनालमध्ये बारीक फाइल फिरवून भिंती खरवडतात आणि जंतूंचा थर काढतात. इथे भिंती आधीच पातळ असल्यामुळे तसं करता येत नाही. सगळी स्वच्छता धुण्यावर आणि या औषधावर सोडावी लागते. अशा वेळी “पेशींना त्रास नको” म्हणून औषध मुदतीआधी काढून टाकलं, तर पेशींना अधिक वाईट शेजार मिळेल.

जैविक सुरक्षितता म्हणजे पेशींना कुठलीही इजा न होणं, असं मी मानत नाही. जंतू पुरेसे कमी होतील आणि उरलेल्या औषधात पेशी तगतील, असं मधलं प्रमाण शोधणं म्हणजे ती. मधल्या प्रमाणाचा पट्टा अरुंद आहे, पण आहे.

नणंदेच्या शोधनिबंधाबद्दल आणखी थोडं. प्रयोगशाळेत पेशी सपाट ताटलीत एकट्या असतात आणि औषध त्यांना चहूबाजूंनी भिडलेलं असतं. दाताभोवतीच्या ऊतीत रक्त वाहत असतं, औषध पातळ होत जातं, डेंटिन त्याचा काही भाग शोषतं, नव्या पेशी येत राहतात. म्हणून ताटलीतला निकाल जसाच्या तसा दातावर लावता येत नाही. पण तो फेकून देण्यासारखाही नाही. औषधांची तीव्रता हजारावरून एकेरी आकड्यावर आली ती अशाच प्रयोगांमुळे. नणंदेचे आभार माना, आणि पुढचा लेख पाठवताना त्यात किती मिलिग्रॅम आणि किती दिवस लिहिलेत ते आधी बघायला सांगा.

औषधाइतकंच महत्त्व धुण्याच्या द्रावणांना आहे. पालकांचं लक्ष पेस्टवर अडकतं आणि ही बाजू राहून जाते. पहिल्या भेटीत नळी सोडियम हायपोक्लोराइटने धुतात. नेहमीच्या रूट कॅनालमध्ये ते बऱ्याचदा 5 टक्क्यांच्या आसपास असतं. या उपचारात ते 1.5 टक्के असावं, कारण तीव्र द्रावणामुळे डेंटिनवर पेशी नीट टिकत नाहीत. टोक उघडं असल्यामुळे ते हाडात उतरण्याचाही धोका असतो. म्हणून बाजूला भोक असलेली सुई, टोकापासून थोडी वरच ठेवून, सावकाश. दुसऱ्या भेटीत 17 टक्के ईडीटीए वापरतात. ते डेंटिनचा वरचा थर विरघळवतं आणि दात तयार होताना त्यात अडकलेले वाढीचे घटक मोकळे करतं. पेशींना बोलावणारे संकेतच ते! प्रयोगांत ईडीटीएने धुतलेल्या डेंटिनवर पेशी चांगल्या टिकल्या, हायपोक्लोराइटने केलेलं नुकसानही त्याने काही अंशी भरून काढलं. उलट 2 टक्के क्लोरहेक्सिडीनचा पेशींवर फार वाईट परिणाम दिसला आहे. तोंड धुण्याच्या औषधात ते सर्रास असतं म्हणून निरुपद्रवी वाटतं, पण या नळीत मी ते टाळावं असंच म्हणेन.

रंगाचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सहा महिन्यांनी विचाराल. मिनोसायक्लिन कॅल्शियमला धरून बसतं आणि दात करडा-काळपट करतं. समोरचा दात आहे, मुलगा शाळेत जाणार आहे, तेव्हा ही बाब गौण मानू नका. बरेच डॉक्टर मिनोसायक्लिन वगळून उरलेली दोनच वापरतात किंवा त्याजागी क्लिंडामायसिन, अमॉक्सिसिलिनसारखं दुसरं औषध घेतात. तुमच्या मुलाला पेनिसिलिनची किंवा कुठल्याही अँटिबायोटिकची ॲलर्जी असेल, अंगावर पुरळ उठल्याचा जुना प्रसंग आठवत असेल, तर तो फोनवरच सांगा. औषध दातात असलं तरी ॲलर्जीला मात्रा थोडी पुरते. पुढच्या भेटीत रक्ताच्या गाठीवर बसवायच्या सिमेंटमुळेही रंग बदलू शकतो. राखाडी एमटीए समोरच्या दातात नकोच, आणि पांढऱ्या एमटीएतही बिस्मथ असेल तर ते काळवंडू शकतं. डाग न पाडणारी सिमेंटं आता मिळतात, विचारून ठेवा.

आता तुमच्यापुढचे पर्याय. डॉक्टर म्हणाले की औषध 1 ते 5 मिलिग्रॅमच्या आत आहे, किंवा मुळात कॅल्शियम हायड्रॉक्साइडच भरलंय, तर ठरल्या तारखेला शांतपणे जा. औषध एक ते चार आठवडे ठेवण्याची पद्धत आहे. म्हणजे तुमचे दोन आठवडे त्या मुदतीत बसतात.

पेस्ट दाट निघाली तरी घाबरून जाऊ नका. औषध भरल्यावर भिंतीत शिरणं सुरू झालेलंच आहे, आज काढलं काय आणि आठ दिवसांनी काढलं काय, फरक मोजता येईल इतका नसेल. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारा: पुढच्या भेटीत लगेच रक्त आणण्याऐवजी ही पेस्ट नीट धुऊन दोन आठवडे कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवता येईल का? एक भेट वाढेल, मुलाला पुन्हा खुर्चीत बसावं लागेल. मी तुमच्या जागी असते तर ती भेट मान्य केली असती. डॉक्टर कदाचित म्हणतील की अशा दाट पेस्टनेही दात बरे झालेले पाहिले आहेत. तेही खरं आहे, या उपचाराच्या सुरुवातीच्या बऱ्याच यशस्वी केसेस तशाच पेस्टच्या होत्या. पू थांबणं आणि हाड भरून येणं या बाबतीत दोन्ही औषधांचे रुग्णांवरचे निकाल बरेचसे जवळजवळ आहेत. पण कमी तीव्रतेने काम होत असताना जास्त का, हा प्रश्न उरतो, आणि तो विचारण्यात काही अवमान नाही.

तुमचे पती म्हणतात तेही मी खोडून काढणार नाही. डॉक्टरांवर विश्वास हवाच. पण विश्वास ठेवणं आणि प्रश्न न विचारणं एकच नाही. “तुम्ही कोणतं औषध वापरलंत, किती तीव्रतेचं आणि का?” असं सरळ विचारलं तर जाणत्या डॉक्टरला बरंच वाटतं. उत्तर टाळलं गेलं, “ते आमच्यावर सोडा” एवढ्यावर बोळवण झाली, तर लहान मुलांच्या दातांच्या तज्ज्ञाकडे किंवा रूट कॅनाल तज्ज्ञाकडे दुसरं मत घ्या. मात्र चालू उपचार अर्धवट टाकून नको. नळी उघडी किंवा गळकी राहणं हे सगळ्यात वाईट.

पुढच्या भेटीत काय व्हायला हवं तेही सांगून ठेवते, म्हणजे तुम्हाला ओळखता येईल. पुळी गेलेली असावी, दात ठोकल्यावर दुखू नये. अजून पू असेल तर रक्त आणायची घाई न करता औषध पुन्हा भरायला हवं. सगळं ठीक असेल तर ॲड्रेनॅलिन नसलेलं भुलीचं इंजेक्शन देतात, कारण ॲड्रेनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि इथे तर रक्त यायला हवं असतं. मग ईडीटीएने धुणं, टोचून रक्त आणणं, ते हिरडीच्या पातळीच्या तीनचार मिलिमीटर खाली थांबवून गोठू देणं, त्यावर सिमेंट आणि वर पक्कं भरण. रक्त आलंच नाही, असंही होतं. तेव्हा डॉक्टरांनी एमटीएच्या बुचाचा मार्ग घेतला तर त्याला अपयश समजू नका.

अपेक्षेबद्दल मात्र थोडं सावरून घ्यायला हवं. ‘रिजनरेटिव्ह’ ऐकून नस पुन्हा पहिल्यासारखी तयार होते असं वाटतं. प्राण्यांच्या आणि काढलेल्या दातांच्या तपासणीत नळीच्या आत बहुतेक वेळा सिमेंटमसारखी (मुळावरच्या बाहेरच्या कठीण थरासारखी) आणि हाडासारखी ऊती सापडली, खऱ्या नशीची नाही. दाताच्या दृष्टीने तेही उपयोगाचं आहे. भिंत जाड झाली, टोक मिटलं, तर दात टिकायची शक्यता वाढते. पण मार लागलेल्या दातात मुळाची वाढ बेभरवशाची असते, कारण त्या मारात मूळ घडवणारा पेशींचा पडदाच दुखावलेला असू शकतो. त्यामुळे उद्या मूळ फारसं वाढलं नाही, तर त्या पेस्टनेच घात केला असं ठरवून बसू नका. पहिलं उद्दिष्ट दुखणं थांबणं आणि हाड भरून येणं. मुळाची वाढ त्यानंतर. थंड लावल्यावर दाताला जाणवणं हे सगळ्यात शेवटी, आणि ते झालं नाही तरी उपचार फसला असं म्हणत नाहीत.

आणि ते वर्ष. मार लागलेल्या दाताची नस बऱ्याचदा आवाज न करता मरते. दुखत नाही, हलत नाही, रंगही लगेच बदलत नाही. दुखणं थांबलं म्हणून तुम्ही निश्चिंत झालात, तिथे बहुतेक पालक तेच करतात. म्हणून हे वाचणाऱ्या इतरांना सांगते: मुलाच्या कायमच्या दाताला मार लागला तर दात वरून धडधाकट दिसला तरी काही आठवड्यांनी आणि पुढे वर्षभर डॉक्टर सांगतील त्या अंतराने दाखवून एक्स-रे काढून घ्या. तुमच्यासाठी एवढंच, की आज दात वाचवण्याचे एकाहून अधिक मार्ग खुले आहेत आणि तुम्ही वेळेत विचारताय.

या दोन आठवड्यांत वरचं तात्पुरतं भरण जपायला सांगा. ते पडलं किंवा हललं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण त्या फटीतून जंतू परत आत जातात आणि औषधाचा सगळा हिशेब बिघडतो. चेहऱ्यावर सूज, ताप, डोळ्याकडे चढणारी सूज किंवा गिळायला त्रास यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका.

उपचार झाल्यावर सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढेही काही वर्षं तपासणी लागते. पहिल्या दिवसाच्या एक्स-रेची प्रत आणि वापरलेल्या औषधांची नावं-तीव्रता कागदावर आत्ताच मागून ठेवा. गाव बदललं, डॉक्टर बदलले, तरी मूळ वाढलं की नाही हे त्याच पहिल्या चित्राशी ताडून पाहावं लागणार आहे.